तुमच्या नावावर खपवलेलं मत

काका, आपल्या कोपऱ्यावरच्या रस्त्याचं रुंदीकरण परवा एकदाचं संपलं. सळयांच्या जाळीवर काँक्रीट पडलं, नारंगी पिंपं उचलली गेली, आणि जिथे थांबून तुम्ही मला दर रविवारी उशीर करायचात तिथून आता गाड्या सुसाट जातात. तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. तेरावं झालं, तुमच्या लेकीनं, रूपालीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं, इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तुमच्याबद्दल बरंच काही लिहून आलं. 'शांत आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व' असंही कुणीतरी लिहिलं. मितभाषी! तुम्ही पोलादावर बोलायला लागलात की चहावर साय धरायची, आणि यांना तुम्ही मितभाषी वाटलात.

मी त्या ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. मला जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. पण माझा धाकटा भाऊ मिलिंद म्हणाला, ताई, लिहून टाक, नाहीतर तुला झोप लागायची नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण आणखी कुणी वाचलं तर त्यांच्यासाठी सांगते. जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या बाबांनी उभी केलेली रोलिंग मिल आहे. बांधकामाच्या सळया निघतात तिथून. बाबा गेल्यापासून मिलिंद ती एकटा चालवत आला, आणि मी इथे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत बसून सॉफ्टवेअरचं काम करते. मिलच्या भागीदारीत माझं नाव होतं, म्हणजे कागदावर. एका मोठ्या पोलाद कंपनीला ती मिल विकत हवी होती. द्यावी की न द्यावी, या प्रश्नात मी तुमच्या नावानं एक खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं. तुम्ही मला एका शब्दानं विचारलं नाहीत, आणि पुढच्या गुरुवारी सकाळी रूपाली चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही उठलाच नाहीत.

आपली पहिली भेट आठवते? रूपाली आणि मी एकाच टीममध्ये. काकू गेल्यावर तिनं तुम्हाला नागपूरहून इकडे आणलं होतं आणि तुम्ही चेहरा पाडून सोफ्यावर बसला होतात. मी वाकून नमस्कार केला. तुम्ही विचारलंत, "कुठली तू?" मी म्हटलं, जालन्याची. इथे जालना म्हटलं की लोक म्हणतात, 'औरंगाबादजवळ ना?' आणि विषय बदलतात. तुम्ही एकदम ताठ झालात.

"जालना? म्हणजे इंडक्शन भट्टीवाले!"

ज्या सुरात माणूस 'पाकीटमार' म्हणेल त्याच सुरात. मी म्हटलं, "हो काका, आमचीच मिल आहे." रूपालीनं डोक्याला हात लावला. तुमची सगळी नोकरी एका अवाढव्य सरकारी कारखान्यात गेलेली. खनिज एका टोकानं आत, रूळ आणि गर्डर दुसऱ्या टोकानं बाहेर. त्यात तुम्ही तपासणी विभागातले, म्हणजे नाक मुरडणं हा तुमचा व्यवसायच. पण त्या दिवशी रूपाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "यार, महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी कुणाशी एवढं भांडण केलंय. रविवारी येत जा ना." त्यानंतर तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाहीत. "काय म्हणते जालना?" एवढंच.

मग रविवार ठरून गेला. ऊन चढायच्या आत फिरायला, परतताना रूपालीकडे चहा, आणि साडेआठला मिलिंदला फोन. तिकडे संध्याकाळ असायची, त्याची मिलमधली गडबड जरा निवलेली. फिरायला जायचं म्हणजे तुमच्या लेखी रस्त्याच्या कामावर जायचं. बाकीचे काका लोक क्लबहाउसभोवती गोल गोल चालायचे, तुम्ही पांढऱ्या बुटांनी चिखलात उतरायचात. तिथला मुकादम मेक्सिकन होता, पहिल्या दिवशी तो ओरडत आला. तुम्ही त्याला सळईवरची उठावाची अक्षरं बोट ठेवून वाचून दाखवलीत. हे अक्षर कारखान्याचं, हा चार आकडा म्हणजे अर्धा इंच जाडी, हे पुढचं पोलादाच्या जातीचं. तो बघतच राहिला. पुढच्या आठवड्यात त्यानं तुमच्यासाठी पिवळं हेल्मेट आणून ठेवलं. माझ्यासाठी नाही आणलं, हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं.

आणि आपण भांडायचो. बाप रे, किती भांडायचो. तुमचं म्हणणं सोपं होतं. आपल्या देशात पोलादवाल्यांच्या दोन जाती. एक मूठभर मोठे, ज्यांच्या स्वतःच्या खाणी, स्वतःच्या झोतभट्ट्या, काहींची तर स्वतःची बंदरं. दुसरे शेकड्यांनी लहान, जे भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातून काढलेलं कच्चं लोखंड, विकत घेतात, विजेच्या भट्टीत वितळवतात आणि सळई काढतात. मोटारीचा आणि फ्रिजचा पत्रा मोठ्यांनीच करावा, त्यात लहानाला शिरकाव नाही. सळई मात्र कुणीही करतो, म्हणून तिथे मारामारी.

मी म्हणायचे, मग अमेरिकेकडे बघा. इथे मोठ्यांच्या जुन्या झोतभट्ट्या एकेक करून विझल्या आणि भंगार वितळवणारे लहान कारखाने पुढे निघून गेले. इथे झालं ते तिथे का नाही होणार?

तुम्ही थांबलात. तुम्हाला चालता चालता महत्त्वाचं बोलता यायचं नाही. म्हणालात, "इथे भंगार आहे ना बाप्पा! शंभर वर्षं यांनी गाड्या घेतल्या, पूल बांधले, आता मोडून राहिले. आपण काय मोडणार? आपली घरं अजून बांधून राहिलो आपण. आपलं भंगार अजून जन्माला यायचं आहे."

मी विषय बदलला. मी तो नेहमीच बदलायचे आणि तुम्ही नेहमी तिसऱ्या चौकात मला तिथेच परत आणून उभं करायचात.

पण तुम्ही एकाच बाजूचे नव्हतात, हे मला कळायला फार वेळ लागला. तुमच्या तरुणपणी पोलादाचा भाव दिल्लीत ठरायचा आणि कारखान्याच्या दारात असो की मुंबईत, तोच असायचा. गिऱ्हाईक अर्ज घेऊन रांगेत उभं राहायचं आणि वर तुमच्या साहेबांना दिवाळीला मिठाई पाठवायचं. "आम्हाला वाटायचं आम्ही लई हुशार," तुम्ही एकदा म्हणालात, "पण विकणं काय असतं ते आम्हाला माहीतच नव्हतं." हे तुम्हाला मिलिंदनं शिकवलं, आणि तेही माझ्या मूर्खपणामुळे.

तो सळईचा किस्सा. तुम्ही आमच्या सळईवर इतके टोमणे मारलेत की मागच्या वेळी जालन्याहून परतताना मी मिलिंदला सांगितलं, बारा एमएमच्या सळईचा बरोबर एक मीटर काप आणि त्याचे दोन तुकडे करून दे. लोक येताना लोणची, पापड, भाजणी आणतात. मी मेथीच्या ठेपल्यांच्या खाली सळई गुंडाळून आणली. मुंबई विमानतळावर बॅग बाजूला काढली. अधिकाऱ्यानं दोन्ही तुकडे हातात धरून विचारलं, "मॅडम, अमेरिकेत सळई मिळत नाही का?" मी म्हटलं, मिळते, पण आमची मिळत नाही. तो म्हणाला, "कशासाठी हवीय?" मी खरं तेच सांगितलं, एका काकांना दाखवायचीय. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि बॅग बंद केली. जगात एवढी अक्कल पाजळणारी माणसं आपणच, आणि पुढचं तर त्याला माहीतही नाही, की ती सळई रूपालीच्या केक करायच्या वजनकाट्यावर चढली.

व्यासाचा वर्ग भागिले एकशे बासष्ट, तुम्ही पुटपुटलात. मीटरला आठशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम भरायला हवेत. भरले आठशे चोपन्न. माझा चेहरा पडला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नियमात बसते. पण शेवटच्या बाकावर बसते."

मी तिथल्या तिथे मिलिंदला फोन लावला, त्याला फैलावर घ्यायला. तो हसायलाच लागला. "काका, मुद्दामच आहे ती तशी. गिऱ्हाईक सळई घेतं टनावर आणि वापरतं लांबीवर. जाड काढली तर टनात सळया कमी येतात, तो शेजारच्या मिलवर जातो. नियमाच्या आत राहून जेवढी हलकी काढता येईल तेवढी काढायची, टनामागे त्याला तीन-चार सळया जास्त मिळतात. मागतो तोच, ताई. मी नाही फसवत कुणाला."

तुम्ही खुर्चीत बसलात. इतकी वर्षं तपासणीत घालवलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण तुमच्याकडे गिऱ्हाइकाला निवड नव्हती. "अरे," तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुझी मारामारी चीनच्या स्वस्त मालाशी नाहीच." मिलिंद म्हणाला, "चीन कुठला काका, आमची मारामारी भिंतीपलीकडच्या प्लॉटशी आहे. रोज सकाळी भाव फुटतो तो तिथून." त्या दिवसापासून साडेआठचा फोन तुमचा झाला. मी नुसती चहा ठेवायचे. वीज किती महागली, स्पंज कुठून आलं, बीड-परभणीकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दोन टन उधारीवर कोण पोचवतो आणि मोठी कंपनी का पोचवत नाही, असलं तुमचं तासभर चालायचं. मला खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटायचा. माझा भाऊ माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता.

आणि मग ती ऑफर आली. मोठ्या कंपनीला मराठवाड्यात पाय रोवायचा होता. पत्र्यात आयातीचा मार बसतो, नफा आटतो, तेव्हा मोठे सळईच्या बाजारात उतरतात, गावोगावी डीलर नेमतात, टीव्हीवर जाहिरात करतात. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. नवी मिल उभारण्यापेक्षा चालती मिल घेणं त्यांना सोयीचं. मिलिंदनं फोन केला आणि म्हणाला, "ताई, काय करू? तू सांग. आणि काकांनाही विचार, मला त्यांना डायरेक्ट विचारायला कसंतरी होतंय."

मी तुम्हाला विचारलं. त्या दिवशी रस्त्यावर काम बंद होतं, आपण सळयांच्या ढिगाजवळ उभे होतो. मला वाटलं होतं तुम्ही लगेच सांगाल. तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा घातलात.

"बाजार वाढणार, यात शंका नाही. आपण माणशी अजून जगाच्या मानानं कितीतरी कमी पोलाद वापरतो. मेट्रो, रस्ते, घरं, सगळं व्हायचं आहे. पण वाढलेला बाजार कुणाच्या ताटात पडेल, ते मला नाही माहीत. मोठ्यांकडे खाण आहे, दम धरायची ताकद आहे. मिलिंदसारख्याकडे गिऱ्हाईक आहे, जे मोठ्यांना दिसतही नाही. उद्या युरोपवाले मालामागच्या धुराचा, कार्बनचा हिशेब मागतात तसा आपल्याकडे कुणी मागितला तर काय होईल, तेही माहीत नाही. पोरी, मला खरंच माहीत नाही."

"काका, अहो, काहीतरी एक सांगा ना."

"माहीत नसताना सांगू? मी तपासणीवाला आहे, जालना."

हे उत्तर मला नको होतं. मला 'देऊन टाका' हवं होतं. मी दोन दिवस वाट पाहिली आणि मिलिंदला फोनवर सांगितलं, "काका म्हणतात, देऊन टाक. लहान मिल्सना फ्युचर नाही म्हणाले."

आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं की वाद मिटतो. लहानपणी 'बाबांनी सांगितलंय' म्हटलं की मिलिंद पतंग सोडून अभ्यासाला बसायचा. मी इतकी वर्षं इथे मीटिंगमध्ये 'माझ्या मते', 'माझ्या मते' करत आले, पण घरचा प्रश्न आला आणि माझी जीभ जुन्या वळणावर गेली. बाबा नव्हते, म्हणून तुमचं नाव घेतलं. मिलिंद म्हणाला, "काका असं म्हणाले? मग झालंच."

पुढच्या रविवारी मी ओट्याशी आलं किसत होते. तुमचा फोन स्पीकरवर होता. मिलिंदचा आवाज खोलीभर आला. "काका, तुम्ही म्हणालात तसंच करतो. ताईनं सांगितलं मला. वकिलाला पेपर बनवायला सांगतोय."

मी मागे वळले. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. रागानं नाही, नवलानंही नाही. काटा शून्यावर यायची वाट बघावी तसे बघत होतात. मला किसणी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"थांब रे मिलिंद," तुम्ही म्हणालात, "इथे मिक्सर चालू आहे, ऐकू येत नाही." आणि स्पीकर बंद करून, फोन कानाला लावून तुम्ही मागच्या अंगणात गेलात. मिक्सर चालू नव्हता, काका. आयुष्यभर खोटा शेरा न मारलेल्या माणसानं माझ्यासाठी मिक्सर चालू केला.

दहा मिनिटं तुम्ही उन्हात उभे होतात. काचेतून मला तुमची पाठ दिसत होती. आत आलात, चहा घेतलात, "साखर कमी आहे" म्हणालात आणि रूपालीला बागेतल्या टोमॅटोबद्दल काहीतरी विचारलंत. निघताना मी दारात रेंगाळले. तुम्ही म्हणालात, "ये पुढच्या रविवारी." मी म्हटलं, "हो काका." मला वाटलं पुढच्या रविवारी मी आपणहून सांगेन. मनात वाक्यही जुळवलं होतं. मधे गुरुवार आला.

फ्युनरल होममध्ये मी होते. तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, फूल वाहिलं, रूपालीला धरून उभी राहिले. ती रडत होती आणि माझ्या मनात मधूनच येत होतं, की काकांनी मिलिंदला सांगितलं असेल का? असला विचार त्या वेळी यावा याची मला आजही लाज वाटते. घरी आल्यावर मिलिंदला फोन केला. तो खूप रडला. तुम्हाला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं, फक्त आवाज.

मग मी विचारलं, त्या दिवशी काका तुला काय म्हणाले?

तो म्हणाला, "ताई, मी तुला विचारायचं नाही असं काकांनी सांगितलं होतं. पण आता तूच विचारतेयस." आणि त्यानं सांगितलं. तुम्ही म्हणाला होतात, मी असं काही म्हटलेलं नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हटलं. पण तुझ्या ताईनं ते माझ्या तोंडी घातलं, म्हणजे तिला ते स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नसणार. का येत नाही, ते तिलाच ठाऊक. तू सही करू नको. कंपनीला थांबव, थांबतील, त्यांना मिल हवी आहे. आणि ताईला काही विचारू नको. ती स्वतः सांगेल.

म्हणजे माझ्या भावाला सगळं माहीत होतं. वकिलाकडे उशीर होतोय असं मी समजत होते आणि तो तिकडे माझी वाट बघत होता.

"मग सांग ना आता," मिलिंद म्हणाला. "काकांचं नाव न घेता."

मी सांगितलं, काका. तुम्हाला सांगायचं ठरवलं होतं तेच सांगितलं. बाबा मिलमध्येच गेले. मे महिना, बाहेर ऊन, आत तापलेलं लोखंड, आणि ते सळया थंड होतात तिथे उभ्या उभ्या कोसळले. माझ्या व्हिसाचा शिक्का संपलेला होता. गेले असते तर परत यायला अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, माझी मुलगी चार वर्षांची होती, नोकरी होती. मी गेले नाही. फोनच्या पडद्यावर बाबांना पोचवलं. मधे नेटवर्क गेलं आणि परत आलं तोवर सगळं झालं होतं. त्यानंतर मिलिंद उन्हाळ्यात दुपारी मिलमधून व्हिडिओ कॉल करतो, घामानं निथळत असतो, हसत असतो, आणि मी त्याचं बोलणं ऐकतच नाही, त्याचा रंग बघत असते. मला बाजार, स्पर्धा, मोठे, लहान कशाशी देणंघेणं नव्हतं. मला त्याला तिथून बाहेर काढायचं होतं. आणि ज्यानं सहा वर्षं मिल एकट्यानं ओढली त्याला 'सोड' म्हणायचा, इथे एसीत बसलेल्या मला काय अधिकार? म्हणून तुमचं नाव.

मिलिंद म्हणाला, "एवढंच होतं? यार ताई, हे आधी बोलायचं ना. मला पण द्यायचीच होती मिल. दोन वर्षांपासून. थकलोय मी."

"मग दिली का नाहीस?"

"बाबांची मिल आहे. मी सोडतोय ते चालेल, असं घरातलं कुणीतरी म्हणायला हवं होतं. फ्युचर नाही म्हणून नको होतं मला, ताई. ते बाहेरचा पण सांगतो."

मी म्हटलं, "चालेल, मिलिंद. दे."

असं झालं ते. दहा सेकंदांचं वाक्य, आणि त्यासाठी मी तुम्हाला मध्ये ओढलं. सह्या मागच्या मंगळवारी झाल्या. सगळ्या कामगारांना ठेवणार असं कागदावर घेतलंय, ते मिलिंदनं सोडलं नाही. वर्षभर तो त्यांच्याकडे राहून घडी बसवून देईल, मग बघू म्हणतो. लहान मिल्स टिकतील की नाही, या आपल्या भांडणाचा निकाल यातून लागत नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते. भिंतीपलीकडच्या प्लॉटवाल्यानं उलट दुसरी भट्टी बसवायला घेतलीय. तो म्हणतो, मोठे आले की भाव सुधारतो, आपण त्यांच्या सावलीत विकायचं. कदाचित तो बरोबर असेल. तुम्ही असतात तर त्याचा नंबर मागितला असतात.

मी आभार मानायचे म्हणून बसले होते. तुम्ही मला उघडं पाडलं नाहीत, माझ्या भावाला माझ्यासाठी थांबायला सांगितलंत, आणि जे माझ्या तोंडून यायला हवं होतं ते माझ्या तोंडूनच येऊ दिलंत. एवढं लिहून मी काल मिलिंदला फोनवर वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं की तुम्ही किती मोठ्या मनाचे, तुम्ही मला लगेच माफ केलंत.

मिलिंद म्हणाला, "ते काढून टाक. काका असं काही म्हणाले नाहीत."

"म्हणजे?"

"ते रागावले होते, ताई. लई रागावले होते. म्हणाले, माझ्या नावावर असं खपवायचं असतं काय? चांगलं फैलावर घेणार आहे तिला, पण फोनवर नाही. रविवारी येईल, तेव्हा समोर बसवून घेणार आहे."

मी तेवढं वाक्य काढून टाकलं. पुन्हा तुमच्या तोंडी न म्हटलेलं काही घालायचं नाही.

काका, इतक्या रविवारांत तुम्ही मला जे जे ऐकवलंत, त्यातलं निम्मं मी मधेच तोडलं, उलट उत्तर देऊन. हे एक बोलणं मी पूर्ण ऐकून घेतलं असतं.